समुद्राचं बिऱ्हाड

मुंबईला तीन बाजूंनी समुद्र आहे. तेवढ्याने ज्यांचं भागत नाही आणि जे चौथा समुद्र दिवाणखान्यात आणून ठेवतात, अशा माणसांची एक छोटी पण चिवट जमात या शहरात आहे. आमचे साडू त्या जमातीचे. पार्ल्याच्या त्यांच्या घरात टीव्ही बेडरूममध्ये आहे, कारण हॉलमधली टीव्हीची भिंत चार फुटी काचेच्या टाकीने अडवली आहे. टाकीत तीनशे लिटर खारं पाणी. निळ्या दिव्याखाली डुलणारे मऊ प्रवाळ, एक ॲनिमोन, त्याच्या मिशांत संसार थाटलेलं क्लाउनफिशचं जोडपं, एक तापट निळा टँग, रिकाम्या शंखात राहणारे हर्मिट खेकडे आणि एक तांबडी-पांढरी कोळंबी. ही खायची नाही, हे काही पाहुण्यांना आधीच सांगून ठेवावं लागतं.

बाहेरचा समुद्र फुकट आहे, पण तो साडूंना चालत नाही. मुंबईकरांनी त्यात आजवर काय काय सोडलंय ते पाहता माशांनाही तो चालू नये. त्यामुळे साडू महापालिकेचं गोडं पाणी आरओच्या यंत्रातून काढतात, त्यात क्षार म्हणून उरू देत नाहीत, आणि मग लिटरला ३५ ग्रॅम या मापाने परदेशी मीठ घालून त्याचा पुन्हा समुद्र करतात. घरातलं मीठ का चालत नाही, असं मेव्हणीने एकदा विचारलं होतं. त्यात कॅल्शियम नाही, मॅग्नेशियम नाही, इथून सुरू झालेलं उत्तर इतकं लांबलं, की तेव्हापासून त्या घरात कोणी 'मीठ वाढ' असंही म्हणत नाही. बोटानेच खुणावतात.

अशा घरावर रिडेव्हलपमेंट आली.

सभेत प्रत्येकाचा प्रश्न ठरलेला होता. कार्पेट किती वाढणार, कॉर्पस किती, भाडं आगाऊ देणार की महिन्याला, आणि तीन वर्षांत ताबा मिळणार म्हणजे नक्की किती वर्षांत. साडू उठले आणि म्हणाले, "टाकीचं काय?" बिल्डरचा माणूस खूश होऊन म्हणाला, "सर, ओव्हरहेड आणि अंडरग्राउंड, दोन्ही नव्या देतोय."

साडूंना खरा राग आला तो वरळीच्या प्रवाळांची आठवण होऊन. २०२० साली किनारी रस्त्याच्या कामात वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवरच्या प्रवाळांच्या १८ वसाहती आड आल्या. हे कठीण प्रवाळ. २००१ साली वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे थेट वाघाच्या पंक्तीला, जाऊन बसलेले. त्यांना हलवायचं तर वनखात्याची परवानगी लागली, गोव्यात मुख्यालय असलेल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे शास्त्रज्ञ आले, आणि वसाहती अलगद उचलून दुसऱ्या जागी बसवण्यात आल्या. "पर्यायी जागा आधी, तोडफोड नंतर," साडू म्हणतात, "ना ट्रान्झिट कॅम्प, ना पागडीचा वाद. मुंबईत इतका सुटसुटीत पुनर्विकास दुसऱ्या कोणाच्या वाट्याला आलाय सांगा." साडू कायद्याला भिणारे असल्यामुळे त्यांच्याकडे कठीण प्रवाळ नाहीत, नुसतेच मऊ. त्यामुळे त्यांच्या मदतीला शास्त्रज्ञ येण्याची शक्यता नव्हती. आले ते आम्ही, म्हणजे नात्यातले.

नव्या भाड्याच्या घराचा शोध घोडबंदर रोडला जाऊन संपला. घर दाखवणाऱ्या एजंटने स्विमिंग पूल दाखवला, जिम दाखवली, तिसाव्या मजल्यावरून खाडी दाखवली. साडूंनी खिशातून टीडीएस मीटर काढून बेसिनच्या नळाखाली धरला. घोडबंदर रोडचं पाणी बऱ्याचदा टँकरने येतं, आणि आकडा बघून साडूंचा चेहरा जो पडला, तो पाहून एजंटने स्वतःहून भाडं हजाराने उतरवलं.

मग पॅकर्स अँड मूव्हर्सचा फोन. सोफा एक, कपाटं तीन, फ्रिज, वॉशिंग मशीन, देव्हारा. "आणि फिशटँक एक ना सर? खाली करून ठेवा, बबल रॅप लावतो." साडू म्हणाले, त्यात जिवंत समुद्र आहे. पलीकडे थोडा वेळ की-बोर्डचा आवाज आला. "सर, समुद्र आमच्या आयटम लिस्टमध्ये नाहीये. 'इतर'मध्ये टाकू?"

टाकी भरलेली उचलता येत नाही, हे त्या माणसाचं म्हणणं खरंच होतं. तीनशे लिटर पाणी म्हणजे तीनशे किलोच्या वर वजन. शिवाय जाड काच, दगड, वाळू. थोडं पाणी आणि वाळू आत ठेवून उचलायचा मोह धरला, तर तळाला ताण पडून सिलिकॉनचा जोड उकलतो. तो कधी तिथेच उकलतो, कधी नव्या घरी, सगळं लावून झाल्यावर, मध्यरात्री. त्यामुळे समुद्र सुटा करावा लागतो. पाणी वेगळं, दगड वेगळे, प्रवाळ वेगळे, मासे वेगळे, आणि मग दुसऱ्या टोकाला तो पुन्हा जोडायचा.

धीर यावा म्हणून साडू त्या दिवसांत इतिहास सांगत. १८४६ साली ॲना थिन नावाच्या बाईंनी इंग्लंडच्या टॉर्की गावाहून जिवंत प्रवाळ दगडी बरणीत घालून लंडनला आणले. प्रवासात ते आपटू नयेत म्हणून सुईदोऱ्याने एका मोठ्या स्पंजाला टाचले. यजमान वेस्टमिन्स्टर ॲबीतले धर्माधिकारी, त्यामुळे घरी माणसांची कमतरता नव्हती. पाण्यात हवा मिसळावी म्हणून मोलकरीण उघड्या खिडकीपाशी उभी राहून ते पाणी या भांड्यातून त्या भांड्यात ओतत असे, रोज अर्धा-पाऊण तास. हे ऐकताना मेव्हणी साडूंकडे एकटक बघत होती. "मला सांगून बघा," एवढंच ती म्हणाली.

दुसरी गोष्ट शिकागोची. तिथलं शेड मत्स्यालय १९३० साली उघडलं. गाव समुद्रापासून शेकडो मैलांवर, आणि तेव्हा मीठ कालवून समुद्र करायची सोय नव्हती. मग रेल्वेच्या वीस टँकरनी फ्लोरिडातल्या की वेस्टपर्यंत आठ खेपा केल्या आणि दहा लाख गॅलन समुद्र शिकागोला वाहून आणला. "आणि तुम्ही पार्ले ते ठाणे म्हणून कुरकुरताय," असं साडू माझ्याकडे बघत म्हणाले. मी कुरकुरलो नव्हतो. फक्त ड्रमला हात घालून पाहिला होता.

खरा पेच मात्र पाण्याचा नव्हताच, आणि तो सगळ्यात आधी साडूंच्या आईंच्या लक्षात आला. घर हलवायचं म्हणजे आधी सगळं घासून-पुसून लख्ख करायचं, हा त्यांचा साठ वर्षांचा नेम. टाकी रिकामी व्हायची आहे म्हटल्यावर त्यांनी काथ्या, ब्रश आणि बादली तयार ठेवली. "ते दगड बघ कसे बुळबुळीत झालेत. नव्या घरात असली घाण न्यायची?"

आता त्या घाणीबद्दल. माशांच्या अंगातून अमोनिया बाहेर पडतो, आणि अमोनिया माशांना विष. दगडांच्या छिद्राछिद्रांत जे जिवाणू राहतात, त्यांच्यातला एक वर्ग या अमोनियाचं नायट्राइट करतो. तेही विषच. दुसरा वर्ग नायट्राइटचं नायट्रेट करतो, जे माशांना बऱ्यापैकी सोसतं. नव्या टाकीत ही दुहेरी पलटण उभी राहायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर त्या टाकीत मासा सोडणं म्हणजे त्याला मोरी नसलेल्या घरात राहायला पाठवणं. दगड घासले, वाळवले, नळाच्या क्लोरीनच्या पाण्याखाली धरले, की पलटण संपली. टाकी नवी मिळते, पाणी नवं करता येतं, वेळ आली तर मासाही नवा आणता येतो. पण समुद्र ज्याच्यामुळे समुद्र आहे, तो दगडावरचा बुळबुळीतपणा बाजारात मिळत नाही.

साडूंनी हे आईंना नायट्रोसोमोनासपासून समजावायला घेतलं. त्या ऐकून घेत होत्या, पण हातातला ब्रश खाली जाईना. मग मेव्हणी मधे पडली. "आई, विरजण आहे ते."

आईंनी ब्रश ठेवला. दह्याचं विरजण म्हणजे काय हे त्यांना सांगावं लागत नाही. त्यांचं स्वतःचं विरजण त्यांच्या सासूबाईंपासून चालत आलेलं, आणि ठाण्याला न्यायच्या सामानात त्याची वाटी सगळ्यात आधी बाजूला काढून ठेवलेली होती. त्यानंतर दगडांची जबाबदारी त्यांनी अशी अंगावर घेतली, की मी नुसता जवळून गेलो तरी "हात धुतलेस का? साबण लागला नाही ना?" असं विचारलं जाऊ लागलं.

वाळूचं मात्र उलटं निघालं. तळाची जुनी वाळू ढवळली, की खाली साचलेला गाळ वर येतो आणि ऑक्सिजन न पोचलेल्या थरातून सडक्या अंड्यांच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड सुटतो. ती टाकून नवी घालावी लागते. "म्हणजे दगडावरची घाण देव आणि वाळूतली घाण कचरा?" आईंनी विचारलं. साडू हो म्हणाले. "बरं," आई म्हणाल्या, "म्हणजे तुमच्यातही शिवाशिव आहे."

नव्या सोसायटीचा फॉर्म हे वेगळंच प्रकरण. पाळीव प्राणी आहेत का, किती, आणि त्यांचं लसीकरण झालंय का. साडू खोटं लिहीत नाहीत. मासे मोजता आले, खेकडे मोजता आले. पण दगडांच्या फटींत राहणारे काटेरी किडे आणि टाचणीच्या टोकाएवढे कोपेपॉड मोजायचे कसे? त्यांनी 'अंदाजे काही हजार' असं लिहिलं. संध्याकाळी सेक्रेटरींचा फोन आला.

सेक्रेटरी निवृत्त इंजिनीअर निघाले. घराच्या जमिनीवर चौरस मीटरला साधारण दोनशे किलो चालतं भार धरून बांधकामाचा आराखडा करतात, हे त्यांना पाठ होतं, आणि टाकीचा भार त्याच्या तिपटीच्या वर जातो हे त्यांनी फोनवरच काढून दाखवलं. साडूंनी स्ट्रक्चरल इंजिनीअरचं पत्र पुढे केलं. टाकी खोलीच्या मध्ये नव्हे, भिंतीला लागून, तुळईवर येईल. पण सेक्रेटरींच्या मनात वजन नव्हतंच, गळती होती. सोसायटीत माणूस माणसाला काय वाटेल ते माफ करतो, छतावरचा ओला डाग माफ करत नाही. "बर्लिनला काय झालं वाचलंत ना?" त्यांनी विचारलं. २०२२ च्या डिसेंबरात तिथल्या एका हॉटेलच्या लॉबीतली चौदा मीटर उंचीची टाकी पहाटे फुटली आणि दहा लाख लिटर पाणी, दीड हजार माशांसकट, दारं तोडून रस्त्यावर आलं. साडू म्हणाले, आमचं फक्त तीनशे लिटर आहे. सेक्रेटरी म्हणाले, आमच्याकडे दारंही तितकीशी मजबूत नाहीत. शेवटी हमीपत्र, जादा डिपॉझिट, आणि सामान फक्त सर्व्हिस लिफ्टने, या अटींवर समुद्राला प्रवेश मिळाला.

हलवायच्या दिवशी माणसांच्या सामानाला टेम्पो होता आणि दगडांना एसी गाडी. मेव्हणीच्या पैठण्या ताडपत्रीखाली, गॅसच्या शेगडीशेजारी. ती काही बोलली नाही. अशा वेळचं तिचं न बोलणं साडूंच्या हिशेबवहीत पुढची काही वर्षं येणे बाकी म्हणून राहतं.

थर्माकोलचे खोके मासळीबाजारातून आणले होते. तिथल्या मावशींनी विचारलं, "किती किलो मासळी भरणार?" साडू म्हणाले, सहा नग, आणि जिवंत न्यायचेत. मावशींनी विचारलं, मग कापणार कधी? कापणार नाही, पाळणार, हे ऐकल्यावर त्यांनी खोक्यांचे पैसे कमी करून घेतले. अशा माणसाकडून पुरते पैसे घ्यायला त्यांना बरं वाटेना.

मासे काढण्याचा क्रम ठरलेला असतो. आधी प्रवाळ, मग दगड, आणि शेवटी मासे, कारण दगड आत असेपर्यंत मासा सापडत नाही. आदल्या दिवसापासून त्यांना उपास, म्हणजे पिशवीत घाण कमी. निळा टँग एरवी दिवसभर काचेशी येऊन मिजास दाखवतो, पण जाळी दिसताच तो दगडाच्या फटीत शिरून आडवा अडकून बसला, आणि दगडासकट बाहेर काढल्यावरच त्याने शरणागती पत्करली. ॲनिमोनने काचेला पाय असा चिकटवला होता की ओढला तर फाटला असता. साडूंनी काचेला बाहेरून बर्फ लावला, आणि थंडीने त्याने स्वतःहून पाय उचलला. क्लाउनफिशच्या जोडप्यात मोठी ती मादी. हे मासे सगळेच नर म्हणून जन्मतात. वरचढ होतो तो मादी बनतो, आणि मादी गेली की मागे राहिलेला नर तिची जागा घेतो. साडू हे सांगत असताना मादी पिशवीत शिरली आणि नर मुकाट तिच्या मागे गेला. "जगात सगळीकडे हेच," एवढं म्हणून साडूंनी रबर लावलं. पिशवीत एक भाग पाणी, दोन भाग ऑक्सिजन, आणि वर खोक्याचं झाकण. अंधारात मासे शांत राहतात.

हर्मिट खेकड्यांना या सगळ्याचं काहीच नव्हतं. घर बदलणं हाच त्यांचा जन्माचा उद्योग. मोठा शंख रिकामा सापडला की ते आकाराने एकामागे एक रांग लावतात. पहिला मोठ्या शंखात शिरतो, त्याचा सोडलेला शंख दुसरा घेतो, दुसऱ्याचा तिसरा, आणि काही मिनिटांत अख्ख्या रांगेला वाढीव कार्पेट मिळतं. बिल्डर नाही, कॉर्पस नाही, सभासदांच्या सह्या नाहीत.

जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडला लागलो आणि खड्डे सुरू झाले. दगड खाऱ्या पाण्याने भिजवलेल्या वर्तमानपत्रांत गुंडाळून डब्यांत भरले होते. त्यातला सगळ्यात मोठा डबा आईंच्या मांडीवर. प्रत्येक खड्ड्याला त्या झाकणावर हात दाबत आणि ड्रायव्हरला "सावकाश रे, आत जीव आहेत" म्हणत. ड्रायव्हरने आरशातून दोनदा मागे पाहिलं. पाठीमागे बॅटरीवरचे हवेचे पंप घुरघुरत होते. घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये गाडी थांबली तेव्हा साडूंनी पिशवीचं तापमान तपासलं, सव्वीस अंश. आमचं कोणी तपासलं नाही. एसीची सगळी हवा मागे वळवलेली होती.

नव्या घरी पाण्याची तयारी आदल्या रात्रीपासून होती. साडू तिथे ड्रम लावून मीठ विरघळवून, पंप सुरू ठेवून आले होते. वाळू, दगड, पाणी, मग पिशव्या तरंगत ठेवणं, मग नळीतून थेंब थेंब नवं पाणी जुन्या पाण्यात सोडणं. या थेंबांना घाई चालत नाही. गॅस जोडायचा होता, गाद्या गुंडाळलेल्या होत्या, सगळे भुकेले होते. वडापाव खोक्यावर बसून खाल्ला, तोही निळ्या प्रकाशात, कारण घरात लागलेला पहिला दिवा टाकीचा होता.

टाकी आठवड्याभरात बसली. आईंनी सांभाळलेल्या दगडांनी काम केलं. अमोनिया जेमतेम चढला आणि उतरला. बसेनात ती माणसं. पार्ल्याला न मागता उधार देणारा वाणी होता, किल्ली ठेवायला शेजार होता, कुठला शर्ट कोणाचा हे इस्त्रीवाल्याला चिठ्ठीशिवाय कळत होतं. यातलं काहीच आयटम लिस्टमध्ये नव्हतं, म्हणून टेम्पोत चढलं नाही. नव्या टॉवरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बाहेर ठेवलेल्या चपलांवरून, पार्किंगवरून, कुकरच्या शिट्ट्यांवरून रोज धुमश्चक्री. साडू शांत होते. "अमोनिया आहे," ते म्हणाले, "पहिले काही आठवडे असतोच. घाबरून पाणी बदलायचं नाही."

मग एका संध्याकाळी सेक्रेटरी आले, खालच्या मजल्यावरच्या ओल्या डागाची चौकशी करायला. डाग त्या घरच्याच एसीच्या नळीचा निघाला. पण तोवर सेक्रेटरी टाकीसमोर बसले होते, आणि क्लाउनफिशमध्ये घर कोण चालवतं हे ऐकून त्यांनी खुर्ची आणखी पुढे ओढली. दुसऱ्या दिवशी ते नातवाला घेऊन आले, तिसऱ्या दिवशी पत्नीला. पत्नींना आईंनी विरजणाची वाटी दिली. पुढच्या आठवड्यात ग्रुपवर कुकरच्या शिट्ट्यांची तक्रार आली, तेव्हा सेक्रेटरींच्या पत्नींनी उत्तर दिलं, "आजींचा आहे तो, चालू दे." साडूंनी मला मेसेज केला. "नायट्राइट उतरतोय."

आता सोसायटीच्या लॉबीत अशीच मोठी टाकी बसवावी, असा ठराव सेक्रेटरींनी आणलाय. साडूंचा त्याला विरोध आहे. समुद्र ठेवायला हरकत नाही म्हणतात, फक्त ही इमारत पाडायची कधी, ते आधी लेखी द्या.